छोट्या कॉटेज-स्टाइल बागेत बुटके लाल गुलाब लावायचे आहेत, कोणते घ्यावेत आणि कसे लावावेत?

तुम्ही लिहिलंय की वीस फूट बाय चार फूटाची एक पट्टी आहे, तिथे पाच वेगवेगळ्या जातींचे लाल गुलाब एकेक आणायचा विचार आहे आणि मधे मधे इतर फुलझाडं सोडायची. पट्टी मस्त आहे, कल्पनाही छान आहे, पण पाच जातींचं मात्र करू नका. एकच जात घ्या आणि तीच दहा-बारा रोपं घ्या, हे मी अगदी आग्रहाने सांगते.

कारण असं की लाल म्हणजे एक रंग नाहीच. एक लाल असतो तो निळसर झाक असलेला, किरमिजी, मखमली, आणि दुसरा केशरीकडे झुकणारा, शेंदरी. दोन्हींमधली रंगद्रव्यंच वेगळी असतात, किरमिजीत सायनिडिन आणि शेंदरीत पेलार्गोनिडिन. लांब लांब लावले तर दोन्ही सुंदर दिसतात पण चार फुटाच्या पट्टीत शेजारी आले की एकमेकांना मारतात, शेंदरी भडक वाटतो आणि किरमिजी मळकट. त्यात किरमिजी फूल जुनं झालं की जांभळट होत जातं, म्हणजे रंगांचा अजूनच गोंधळ. एकाच जातीचे तीन-तीन चार-चारचे पुंजके केले तर पट्टीभर तोच लाल पुन्हा पुन्हा डोळ्यात येतो आणि मधे बाकीची झाडं कितीही अस्ताव्यस्त वाढली तरी बाग एकसंध वाटते. कॉटेज बागेत सगळं मोकळंढाकळं असतं ना, म्हणून काहीतरी एक धरून ठेवणारं लागतं, ते काम हे गुलाब करतात.

आता कोणते. तुम्हाला हवेत ते फ्लोरिबंडा गटातले, म्हणजे एका दांड्यावर घोसाने फुलं येणारे. डेन्मार्कच्या पौल्सेन घराण्याने छोटे घोसवाले पॉलिअँथा आणि मोठ्या फुलांचे हायब्रिड टी यांचा संकर केला, 1924 साली त्यांची 'एल्स पौल्सेन' आली आणि पुढे याच वाटेने हा गट तयार झाला. वाफे भरायलाच बनलेले गुलाब आहेत हे, एकटं फूल काही फार देखणं नसतं पण झाड सतत फुलत राहतं.

मला विचाराल तर 'ट्रम्पेटर'. न्यूझीलंडमध्ये सॅम मॅकग्रेडींनी काढलेली 1977 ची जात, शेंदरी लाल, साधारण दोन-अडीच फुटावर थांबते, पान चकचकीत आणि झाड आटोपशीर. तुमच्या मापाच्या जागेला हीच बसते. 'युरोपियाना' (1963, हॉलंड) रंगाला तिच्याहून सरस, गडद किरमिजी, कोवळी पानं तांबूस, बघत बसावं अशी, पण घोस इतके जड की पावसात आडवे होतात आणि भुरीला, म्हणजे पानांवर पांढरी पूड धरणाऱ्या बुरशीला, लवकर बळी पडते, त्यामुळे हवा दमट असेल तर मी ती सुचवणार नाही. कोर्डेसची 'लिली मार्लीन' (1959) पण जुनी आणि चांगली, थोडी उंच. आणि सगळीकडे मिळते ती 'नॉक आउट' (2000), पानांवर काळे ठिपके पाडणाऱ्या रोगाला दाद देत नाही हे अगदी खरं, पण तिला बुटकी समजून घेऊ नका, तीन-चार फूट सहज जाते आणि तेवढीच पसरते, चार फुटाच्या पट्टीत ती बाकी कोणाला जागा ठेवणार नाही. वास मात्र यातल्या कोणालाच फारसा नाही हे आधीच सांगते. वास हवा असेल तर तो शेजारच्या झाडांकडून घ्या.

नर्सरीत गेलात की फूल बघून भुलू नका, पान बघा. खालची पानं शाबूत आहेत का, त्यावर काळे ठिपके आहेत का, पान उलटं करून खाली बघा. जे रोप नर्सरीतच गुडघ्यापर्यंत उघडं पडलंय ते तुमच्याकडे येऊन अचानक सुधारणार नाही.

लावताना दोन रोपांमधे दीड फूट, म्हणजे 45 सेंमी तरी ठेवा आणि वाटेच्या कडेपासून फूटभर आत लावा नाहीतर येता-जाता काटे ओरबाडतील. सरळ रांग नको, तिरकं तिरकं, नागमोडी लावा. दीड फूट सुरवातीला फार वाटतं, मधली माती उघडी दिसते आणि अजून एक रोप खुपसायचा मोह होतो, तो आवरा. काळे ठिपके ज्या बुरशीमुळे येतात तिच्या बीजाणूंना रुजायला पान सलग सात-आठ तास ओलं राहावं लागतं. झाडांमधून वारा खेळला की पानं लवकर वाळतात आणि बुरशीचा खेळ तिथेच संपतो, अर्धी लढाई या दीड फुटात जिंकली जाते. म्हणूनच पाणी सकाळी द्यायचं, बुंध्याशी, पानांवर नाही, आणि रोज चुळकाभर देण्यापेक्षा दोन-तीन दिवसांनी भरपूर, मुळं खोल जातात. भुरीचं तंत्र वेगळं आहे, तिला ओलं पान लागतच नाही, कोरडे दिवस आणि दमट रात्री मिळाल्या की ती येते आणि मुळं तहानलेली असली की जास्तच.

ऊन किमान सहा तास पाहिजे, शक्यतो सकाळचं. दुपारच्या कडक उन्हात गडद लाल पाकळ्यांच्या कडा करपतात, त्यामुळे दुपारी थोडी सावली पडत असेल तर ते उलट बरंच. माती किंचित आम्ल, सहा ते साडेसहा पीएच, निचरा चांगला, भरपूर कुजलेलं शेणखत. कलमाचा सांधा, म्हणजे खालच्या जंगली खुंटावर चांगली जात जिथे जोडलेली असते ती गाठ, गरम हवेत मातीच्या जरा वर ठेवायचा, बर्फ पडणाऱ्या भागात दोन-तीन सेंमी खाली. नत्र सारखं सारखं देऊ नका, नुसती कोवळी लुसलुशीत फूट येते आणि ती माव्याला आणि भुरीला आमंत्रणच.

सोबतीला काय लावू असं विचारलंय. बुटक्या गुलाबांचे पाय उघडे दिसतात ते झाकणारी झाडं घ्या: कॅटमिंट, हार्डी जिरेनियम, पांढरं अलिसम, निळी साल्व्हिया. लॅव्हेंडर आवडत असेल तर एकदम कडेला, कारण त्याला कोरडं आवडतं आणि गुलाबाला पाणी. पांढरा, निळा आणि राखाडी मुद्दाम म्हणतेय. संध्याकाळी उजेड उतरला की आपल्या डोळ्यांना लाल सगळ्यात आधी काळपट दिसायला लागतो आणि निळं-पांढरं उठून दिसतं, त्यामुळे नुसता लाल वाफा सातनंतर गायब होतो. कामावरून घरी येऊन संध्याकाळीच बाग बघणाऱ्यांनी तर पांढरं हवंच. आपोआप बी पडून येणारी निगेला, लार्कस्पर वगैरे जरूर येऊ द्या, फक्त गुलाबाच्या बुंध्याभोवती वीतभर जागा मोकळी ठेवायची, तिथे उगवलं की उपटायचं, दया दाखवायची नाही.

रोजच्या कामात सगळ्यात फळ देणारं काम म्हणजे सुकलेली फुलं काढणं, आणि फ्लोरिबंडात ते नीट समजून करावं लागतं. घोसाच्या बरोबर मधली कळी आधी उमलते आणि आधी सुकते, ती एकटी बोटाने खुडून टाकायची म्हणजे भोवतीच्या कळ्यांना वाव मिळतो. मी तर ती वाटाण्याएवढी असतानाच खुडते, मग बाकीच्या जवळजवळ एकदम फुलतात आणि तो घोस बघण्यासारखा असतो. पूर्ण घोस संपला की नुसती मान तोडू नका, खाली या, पाच पानांची पहिली दणकट डहाळी शोधा, जिच्या बेचक्यातला डोळा, म्हणजे फुटव्याचा कोंब, बाहेरच्या बाजूला बघतोय अशी, आणि त्याच्या जरा वर सिकेटरने, म्हणजे छाटणीच्या कात्रीने, तिरका काप द्या. नवीन फुटवा बाहेर जातो, झाडाचा मधला भाग मोकळा राहतो. पाच-सहा आठवड्यांत, हवेप्रमाणे थोडं मागेपुढे, पुढचा बहर. वर्षाची मोठी छाटणी थंड भागात हिवाळा सरताना आणि जिथे हिवाळा सौम्य असतो तिथे पाऊस ओसरल्यावर. फूट-सव्वा फुटावर आणायची, घाबरायचं नाही.

जमिनीतून एखादा फुटवा वेगळ्याच रंगाचा, लांब आणि भराभर वाढताना दिसला तर तो खुंटाचा जंगली फुटवा असू शकतो. सात पानं म्हणजे जंगली असं सरसकट सांगतात पण त्यावर जाऊ नका, चांगल्या कलमांवरही सात येतात. माती उकरून बघा, सांध्याच्या खालून निघाला असेल तर जंगली. तो कापायचा नाही, हिसका देऊन मुळापासून ओढून काढायचा, कापला की तिथून चार येतात.

आणि पानं फिकट, ठिपकेदार, धुळकट दिसायला लागली तर फांदी पांढऱ्या कागदावर झटका. टाचणीच्या टोकाएवढे ठिपके चालताना दिसले तर ती कोळी नावाची कीड. कडक कोरड्या हवेत येते. सकाळी सकाळी पानांच्या खालच्या बाजूने पाण्याचा जोरदार फवारा मारा, लागोपाठ काही दिवस. पानं ओली करू नका म्हटलं त्याला हा अपवाद, ऊन चढायच्या आत वाळतात.

त्या पट्टीत आधी गुलाब होते का हे तुम्ही लिहिलं नाहीये. असतील तर जुन्या जागी नवीन गुलाब अनेकदा धरत नाही, नुसता खुरटत राहतो, त्यामुळे प्रत्येक खड्ड्यातली दीड फूट रुंद, दीड फूट खोल माती बदलून घ्या, जुनी माती अलिसमला चालेल. ते सांगा, आणि पट्टीवर ऊन सकाळचं आहे की दुपारचं तेही, म्हणजे 'ट्रम्पेटर'च ठेवायची की एखादी किरमिजी जात चालेल ते बघता येईल.