दिवसभर मोबाईल पाहून डोळे चुरचुरतात, ब्लू कट चष्मा लावूनही फरक नाही. असं का?

फरक पडणारच नव्हता. तुमचे डोळे निळ्या प्रकाशाने नाही, सतत जवळ बघून आणि पापणी न लवल्याने दमलेत. त्यावर काचेचा कुठलाही लेप चालत नाही, आणि तरी तो विकला जातो याची मला भयंकर चीड आहे.

दुकानात तुम्हाला तो छोटा टॉर्च दाखवलाच असेल. साध्या काचेतून किरण आरपार जातो आणि मागच्या कार्डावर जांभळा डाग उमटतो, ब्लू कटमधून उमटत नाही. गिऱ्हाईक गार! प्रयोग खोटा नाही, पण फसवा आहे. त्या टॉर्चच्या प्रकाशाची तरंगलांबी (यावरच रंग ठरतो) साधारण ४०५ नॅनोमीटर, म्हणजे जांभळा. फोनच्या पडद्यातल्या निळ्याचा जोर असतो ४५० ते ४६० च्या आसपास. काच ४०५ ला जवळजवळ पूर्ण अडवते, ४५० ला थोडंसंच. तिथे खरंच अडवायचं तर काच पिवळीजर्द करावी लागेल, आणि ती घालून ऑफिसात कोण जाणार? म्हणून नेहमीच्या ब्लू कट काचा निळा प्रकाश १० ते २५ टक्क्यांनीच कमी करतात. शिवाय घरात ट्यूबलाइटखाली उजेड काहीशे लक्स (उजेड मोजायचं एकक) असतो आणि भर उन्हात लाखाच्या घरात. अंगणात उभं राहून जेवढा निळा डोळ्यात जातो त्याच्यापुढे फोन म्हणजे किस झाड की पत्ती. वैद्यकीय चाचण्यांचा एकत्रित आढावा घेणाऱ्या कॉक्रेन या संस्थेने २०२३ मध्ये १७ चाचण्या एकत्र तपासल्या; स्क्रीनमुळे येणारा डोळ्यांचा ताण या काचांनी थोड्या काळात तरी बहुधा कमी होत नाही, असा निष्कर्ष निघाला. ‘पण मला बरं वाटतं’ म्हणणाऱ्यांना बहुतेक वेळा बरं वाटतं ते नव्या, बरोबर नंबरामुळे.

खरं कारण पापणीत आहे. एरवी ती मिनिटाला १५ ते २० वेळा लवते, पडद्याकडे बघताना निम्म्यावर किंवा त्याहून खाली येते. त्यातही बरीचशी अर्धवट लवते. पापणीच्या कडेच्या ग्रंथींतलं तेल पापण्या पूर्ण मिटल्याशिवाय नीट पसरत नाही, आणि तेल नसलं की अश्रू भराभर उडून जातात. मग चुरचुर, आणि चुरचुरीवर उतारा म्हणून डोळा पाणी गाळतो. त्यामुळे ‘पाणी येतंय म्हणजे कोरडे नाहीत’ हे चूक.

दर थोड्या वेळाने डोळे हलके मिटा, दोन सेकंद थांबा, मग उघडा. असं पाच-सहा वेळा. पंख्याचा किंवा एसीचा झोत थेट तोंडावर नको. गरम पाण्यात पिळलेला रुमाल मिटल्या पापण्यांवर ५ ते १० मिनिटं ठेवा. सोसवेल इतकाच गरम, आणि थंड झाला की पुन्हा पिळा. थेंब हवेच असतील तर कार्बॉक्सिमिथाइलसेल्युलोज ०.५ टक्के, म्हणजे डोळे ओले ठेवणारे कृत्रिम अश्रू. दिवसात चारपेक्षा जास्त वेळा लागत असतील तर प्रिझर्व्हेटिव्ह नसलेले घ्या. लाली घालवणारे थेंब अजिबात नको, सोडले की डोळे आणखी लाल होतात.

अंतराचं गणित सोपं आहे. फोन ४० सेंटिमीटरवर असेल तर डोळ्याला २.५ डायोप्टरचा (चष्म्याचा नंबर मोजतात तेच एकक) जोर लावावा लागतो, २० वर थेट ५. आडवं पडून बघताना फोन हमखास २० वर येतो. अक्षरं दोन पायऱ्या मोठी करा, हात आपोआप लांब जातो. फोन छातीच्या उंचीला धरा आणि मान न वाकवता नजर खाली न्या. नजर खाली असली की पापणी अर्धी झाकलेली राहते आणि डोळा कमी सुकतो. 

झोपेचं मात्र वेगळं. रात्री डोळ्यांत जाणाऱ्या उजेडाने मेलाटोनिन, म्हणजे झोपेची वेळ झाली हे शरीराला सांगणारं संप्रेरक, कमी होतं हे खरं आहे. पण २०१५ च्या गाजलेल्या अभ्यासात झोपण्याआधी चार तास पडद्याचा उजेड पूर्ण ठेवून टॅबलेटवर वाचायला लावलं होतं, आणि झोप लागायला जेमतेम १० मिनिटं उशीर झाला. माझ्या मते झोप उडवतो तो पडद्यावरचा मजकूर.

बहुतेक ब्लू कट काचांवर अँटी-ग्लेअर, म्हणजे चकाकी कमी करणारा लेप, असतो, त्याचा रात्री गाडी चालवताना उपयोग होतो. तेवढ्यापुरता चष्मा फेकू नका. मात्र साधं अँटी-ग्लेअर स्वस्तात मिळतं. तुम्ही चाळिशीच्या आसपास असाल तर आधी जवळचा नंबर तपासा, आणि ०.५० चा सिलिंडरही (तिरपा नंबर) सोडू नका. मुलांचा प्रश्न निराळा आहे: चीनमधल्या ग्वांगझूच्या शाळांत रोज ४० मिनिटं जास्त बाहेर काढलेल्या मुलांपैकी तीन वर्षांत ३०.४ टक्क्यांना नव्याने मायनस नंबर लागला, तसं न केलेल्या शाळांत ३९.५ टक्क्यांना. आणि एकाच डोळ्यात दुखत असेल, अचानक धूसर दिसत असेल किंवा वीज चमकल्यासारखं होत असेल, तर यातलं काहीही करत बसू नका, त्याच दिवशी नेत्रतज्ज्ञाकडे जा.