आधी रेकॉर्डिंग ऐक

प्रिय,

तुझं पत्र मिळालं. तुझ्या हाताखाली करिअर समुपदेशन शिकणाऱ्या मुलीने क्लायंटला भलत्याच वाटेला वळवलं की काय, तिला बोलावं की सांभाळून घ्यावं, आणि आपण तिचे शिक्षक की समुपदेशक, या प्रश्नांनी तुझी झोप उडालेली दिसते. पण तिच्या त्या सत्राचं रेकॉर्डिंग तू ऐकलंस का, हे पत्रात कुठेच नाही.

म्हणजे नाही ऐकलंस. तिचा अहवाल वाचलास. अहवाल नेटका असणारच, आपल्या क्षेत्रात माणसं लिहायला आधी शिकतात आणि ऐकायला मागाहून. परवा एका नवख्या समुपदेशकाबरोबर रेकॉर्डिंग ऐकत होतो. क्लायंट म्हणतो, "बाबांना आवडेल ते करीन." पुढे जरा शांतता. आणि आपला गडी घाईघाईने म्हणतो, "बरं, आता कल चाचणीचा निकाल बघू." अहवालात काय होतं? 'निकालावर सविस्तर चर्चा झाली.' त्यात खोटं काहीच नाही. फक्त बाबा गायब.

जॉन हॉलंड या मानसशास्त्रज्ञाने आवडीनिवडींवरून माणसांचे सहा प्रकार पाडले, प्रत्येकाला एक अक्षर. त्यांतली क्लायंटची तीन अक्षरं हाती आली की नवखा माणूस त्यांच्याआड दडतो. ती अक्षरं बोलणं सुरू करण्यासाठी असतात, मिटवण्यासाठी नव्हे. करिअर मार्गदर्शनाचा पाया घालणाऱ्या फ्रँक पार्सन्सने 1909 सालीच तीन गोष्टी मांडल्या होत्या: स्वतःची ओळख, कामाच्या जगाची माहिती आणि या दोहोंचा मेळ घालणारा विचार. पहिल्या दोन वर्गात शिकवता येतात. तिसरी गोष्ट तुझ्या माणसाला जमते की नाही, हे सत्रातच कळतं. म्हणून म्हणतो, आधी रेकॉर्डिंग ऐक.

शिक्षक की समुपदेशक? नवख्या समुपदेशकांवर देखरेख कशी करावी हे मांडणाऱ्या जॅनिन बर्नार्ड यांनी 1979 मध्ये याचं उत्तर देऊन ठेवलंय: दोन्ही, आणि शिवाय सल्लागारही. यातलं केव्हा काय व्हायचं, ते समोर काय दिसतंय त्यावर ठरतं. तिला निकाल वाचताच येत नसेल तर शिकव. येतो, पण क्लायंटच्या वडिलांचा विषय निघाला की तिचा आवाज बदलतो? मग त्याबद्दल तिच्याशी बोल. मात्र तिला स्वतःची क्लायंट करून घेऊ नकोस. तिचं घरचं दुखणं खोल असेल तर ती दुसऱ्या कुणाकडे जाईल. आणि ती तयारीची असेल तर नुसता सोबत विचार कर. पण यातलं काय आहे, हे अहवालावरून कसं ठरवणार आहेस?

ऐकताना थांबवायचं बटण तिच्या हातात दे. नॉर्मन केगन या मानसशास्त्रज्ञाची ही रीत 1960 च्या दशकातली, अजून तिला तोड नाही. ती थांबवेल तिथे एवढंच विचार: "तेव्हा मनात काय चाललं होतं?" आणि गप्प बस. तुला हे जड जाईल, तुला उत्तरं द्यायची फार हौस. सबंध तास ऐकायची गरज नाही, पण तुकडा तिला नकोसा वाटणारा हवा. क्लायंटची लेखी संमती, कोण ऐकणार आणि कधी पुसणार, हे सगळं आधी ठरलेलं असू दे. त्याने नकार दिला तर विषय संपला. मग त्याला चालणार असेल तर सत्रात कोपऱ्यात बस.

माझ्या पहिल्या वर्षात माझं एकही सत्र कुणी ऐकलं नाही. वरिष्ठ भले होते. वहीवर सही करायचे, 'छान' म्हणायचे. त्या 'छान'चा राग अजून गेलेला नाही. तेव्हा मी लोकांशी काय बोलत होतो, हे आज कुणालाच माहीत नाही, मलाही नाही. ती माणसं ज्या वाटेला लागली, त्यात माझा हात किती, कसं कळणार? म्हणून मी या बाबतीत हेकट आहे. "आमच्यावर विश्वास नाही का?" असं म्हणून काही जण मला सोडून गेले. जाऊ देत. मानसशास्त्रज्ञ कार्ल रॉजर्स 1940 च्या सुमारास ग्रामोफोनच्या तबकड्यांवर सत्रं मुद्रित करत होते, ती अवजड यंत्रं सांभाळत. आपल्या खिशात फोन आहे आणि तोंडी सबबी.

एक काम मात्र रेकॉर्डिंगसाठी थांबवू नकोस. त्या क्लायंटच्या प्रवेशाची मुदत जवळ आली असेल तर उद्याच त्याला पुन्हा बोलवायला सांग आणि त्या सत्राला तू हजर राहा, अर्थात त्याला विचारून. तिच्या शिकण्याआधी त्याचं हित, आणि त्याची जबाबदारी तुझ्यावरही आहे.

बाकी तिला झापायचं की नाही, ते ऐकून झाल्यावर लिही. त्याआधी फोन केलास तर मी पहिला प्रश्न कोणता विचारणार, ते तुला ठाऊक आहे.

तुझा,
सर