व्हाळाचं पाणी आणि लाल माठ

प्रश्न : आमचा मळा व्हाळाला (ओढ्याला) लागून आहे. शहराचं सांडपाणी त्यात सुटतं. पावसाळा संपला की वीसेक वर्षं आम्ही तेच पाणी पंपाने माठ-मुळ्याला देतो. भाजी तरारते, पण हल्ली वाफ्यात पाणी तुंबतं. जमीन खारावली का?
– एक शेतकरी, रत्नागिरी जिल्हा

उत्तर : खारावली असेल असं वाटत नाही, दादा. घाटावरच्या काळ्या जमिनीचा प्रश्न असता तर पहिली शंका क्षारांचीच घेतली असती. आपला अडीच-तीन हजार मिलिमीटर पाऊस साठलेले क्षार दरवर्षी धुऊन नेतो. वाफ्यातलं सुकं ढेकूळ नखाने उकलून बघा. वर काळसर, चिवट पापुद्रा आणि खाली नेहमीची तांबडी माती दिसली, तर गाळ आणि साबण-तेलाच्या चिकट्याने मातीची छिद्रं बुजली आहेत. पंपाआधी खड्डा काढून पाणी दिवसभर निवळू द्या, वाफे उथळ कुदळून घ्या.

भाजी तरारणारच. अशा पाण्यात लिटरमागे 30-40 मिलिग्रॅम नत्र धरलं, तर दहा लाख लिटर पाण्याबरोबर दीड-दोन गोणी युरियाइतकं नत्र शेतात पडतं. वरून पुन्हा युरिया मारत असाल तर थांबवा. जास्तीचं नत्र नायट्रेट होऊन जांभ्यातून झिरपत विहिरीला जातं. प्यायची विहीर मळ्याच्या उताराला असेल तर नायट्रेट तपासा. लिटरला 45 मिलिग्रॅम ही मर्यादा आहे.

मला खरी धास्ती आहे ती पावसाने वाहून न जाणाऱ्या ऐवजाची. शिसं, कॅडमियम, निकेल वरच्या वीतभर मातीतच अडकून साठत राहतात. घरगुती सांडपाण्यात ते थोडे. पण व्हाळाच्या वरच्या अंगाला गॅरेज, बॅटरीवाले, मुलामा देणारे आहेत का, चालत जाऊन बघा. आपली माती आंबट, त्यामुळे कॅडमियम आणि निकेल मुळांना सहज मिळतात आणि पालेभाजी ते पानात साठवते. सामू (मातीचा आंबटपणा सांगणारा pH आकडा) कमी निघाला तर शिफारशीप्रमाणे चुना टाकल्याने हे बरंच आवरतं.

साध्या माती परीक्षणात हे धातू तपासत नाहीत, त्यामुळे प्रयोगशाळेत आधी विचारून घ्या. नमुना मे महिन्यात काढा, प्लॅस्टिकच्या बादलीत. जस्ताच्या बादलीत काढलात तर बादलीचंच जस्त अहवालात उतरेल! शेजारच्या, विहिरीचं पाणी लागणाऱ्या तुकड्यातलाही एक नमुना द्या, नाहीतर आकडे कशाशी ताडणार?

तोवर व्हाळाचं पाणी माडाच्या आळ्यात सोडा. मुळा आणि कोथिंबीर लोक कच्ची खातात, त्यांना ते अजिबात नको. धुऊनही जंतांची अंडी सगळी निघत नाहीत. पाणी लावणाऱ्या बायका अनवाणी उतरत असतील तर त्यांना गमबूट घेऊन द्या, अंकुशकृमी बहुतेक वेळा तळपायातून आत शिरतो.