वडिलांच्या डिस्चार्ज बुकात (फौजेतून निवृत्त होताना मिळणारं नोकरीच्या नोंदींचं पुस्तक) पदकाची नोंद राहून गेली असेल तर

वडील मराठा लाइट इन्फन्ट्रीतले ना? मग दिल्लीला पत्रं लिहीत बसू नकोस, अर्ज बेळगावच्या रेकॉर्ड ऑफिसला कर, या रेजिमेंटच्या जवानांच्या नोंदी तिथेच असतात. आर्मी नंबर, हुद्दा, युनिट ठळक लिही. डिस्चार्ज बुकाची झेरॉक्स जोड. मूळ बुक पोस्टात टाकायचं नाही म्हणजे नाही! ‘राहिलेली पदकं द्या’ असं मोघम लिहू नकोस, नाव घेऊन माग. १९७१च्या लढाईसाठी संग्राम मेडल, पूर्व आघाडीला पूर्वी स्टार, पश्चिमेला पश्चिमी स्टार. १५ ऑगस्ट १९७२ला ते नोकरीत असतील तर स्वातंत्र्याच्या पंचविशीचं मेडलही विचार. युनिटच्या पार्ट टू ऑर्डरचा (जवानाच्या नोकरीतल्या गोष्टी नोंदवणारा लेखी आदेश) नंबर घरच्या जुन्या कागदांत सापडला तर निम्मं काम झालं. माझा अर्ज परत आला होता, आर्मी नंबरातला एक आकडा मीच चुकवलेला. पाठवण्याआधी जिल्हा सैनिक कल्याण कार्यालयात दाखव.