साध्या फोनवर, नेट नसताना मित्रांसोबत खेळता येईल असा फुकट शूटिंग गेम कोणता?

मिनी मिलिशिया. इथे बीजीएमआय (पब्जीची भारतातली आवृत्ती) सुचवणाऱ्यांनी प्रश्न नीट वाचलेला दिसत नाही. 'नेट नसताना' असं स्पष्ट विचारलंय, आणि साध्या फोनवर तो गेम चालत नाही, रखडतो.

एकाने हॉटस्पॉट लावायचा, बाकीच्यांनी जोडायचं, डेटा पॅक संपलेला असला तरी चालतं. लोकल वायफायवर 12 जण खेळतात, ऑनलाइन फक्त 6. दिसायला पोरकट आहे, वहीच्या मागच्या पानावर काढल्यासारखे मोठ्या डोक्याचे सैनिक. पण डावा अंगठा उडायला, उजवा नेम धरायला आणि वर नायट्रोवर, म्हणजे उडायच्या इंधनाच्या पट्टीवर, एक डोळा, हे जमायला वेळ लागतो. नायट्रो संपला की भसकन खाली, आणि खाली कोणीतरी शॉटगन घेऊन उभाच असतो.

आमच्या हॉस्टेलवर रात्री मेस झाली की अख्खा कॉरिडॉर भिंतीला पाठ लावून बसायचा. जिओ यायच्या आधीचे दिवस, एक जीबी महिनाभर पुरवायचा, त्यामुळे हॉटस्पॉट हाच आधार. कॅटाकोम्ब्स मॅपवर माझी दहशत होती, सांगायला लाज कसली. बोगद्याच्या एका तोंडाशी गॅसचा बॉम्ब टाकायचा आणि दुसऱ्या तोंडाशी जाऊन थांबायचं. हिरव्या धुरातून जो खोकत बाहेर येईल तो गेला.

मग आमच्या लातूरच्या रूममेटने कुठूनतरी हॅक केलेली एपीके, म्हणजे गेम टाकायची फाइल, आणली. एके रात्री मी बोगद्याच्या तोंडाशी थांबलोय, आणि हा गडी भिंतीतून बाहेर! नायट्रोची पट्टी हलत नाही, गोळ्या लागतात पण मरत नाही. मी फोन आपटला आणि भांडलो. त्याचं म्हणणं, "फुकटचा तर गेम आहे, कसली चीटिंग? तू पण टाक की." बाकीच्यांनी टाकलीही. मग सगळेच अमर झाले, सगळेच भिंतीतून फिरायला लागले आणि कोणालाच कोणाला मारता येईना. कॉरिडॉर हळूहळू ओस पडला. उरलेले पत्ते कुटायला लागले.

हा महाशय आजही आमच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर ठोकून देतो की पब्जी आला म्हणून मिनी मिलिशिया संपला. अरे, पब्जी मोबाइल आला 2018 मध्ये! तोवर आमच्या पदव्या होऊन गेल्या होत्या. गेम तुझ्या एपीकेने संपवला.

तेव्हा तुमच्यासाठी: सगळ्यांनी प्ले स्टोअरवरूनच घ्या, सगळ्यांचं व्हर्जन एकच ठेवा. टेलिग्रामवर फिरणाऱ्या 'अनलिमिटेड नायट्रो'वाल्या फाइली घेऊ नका. त्यातली एखादी एसएमएस वाचायची परवानगी मागते, नेमबाजीच्या गेमला तुमचे ओटीपी कशाला हवेत? संशय आला तर त्याला जागेवर उडत राहायला सांगा आणि त्याचा स्क्रीन बघा, पट्टी उतरली नाही की पकडला. स्नायपर घेऊन कोपऱ्यात दबा धरणाऱ्यावर मात्र चीटिंगचा आळ घेऊ नका. तो गेमचाच भाग आहे. गॅस टाका, आपोआप हलेल.

हां, जाहिराती आता बऱ्याच वाढल्यात. हॉटस्पॉटवर खेळताना डेटा बंद ठेवला की त्रास कमी होतो. दोघातिघांत फार रंगत नाही, निदान पाच तरी गोळा करा. एकटेच असाल तर सर्व्हायव्हलमध्ये रोबोट मारत बसता येतं, पण त्यांना चिडवता येत नाही. पैसे भरून प्रो पॅक घ्यायची गरज नाही, मॅपवर पडलेली हत्यारं पुरतात.

आणि 'फुकटचा तर गेम आहे' म्हणणारा कोणी तुमच्यातही निघालाच, तर त्याला हॉटस्पॉटचा पासवर्डच देऊ नका.