घर तयार नसतानाच बोलवा

मी समुपदेशक आहे. नवरात्र संपत आलं की माझ्याकडे येणाऱ्यांच्या बोलण्यात एक वाक्य हमखास यायला लागतं. आलेले असतात वेगळ्याच कारणासाठी. मुलाचा अभ्यास, सासूशी न पटणं, ऑफिसातला ताण. पण उठता उठता म्हणतात, "आणि आता दिवाळी तोंडावर आलीय. काही करावंसंच वाटत नाही हो. पूर्वीची दिवाळी आता राहिलीच नाही." बायका हे जास्त बोलतात, पुरुषही बोलतात, आणि अलीकडे पंचविशीतली मुलंसुद्धा. आकाशकंदील लागलेला असतो, फराळाचे डबे भरलेले असतात, मन मात्र कोरडं. त्यात अपराधीपणाची भर. सगळं असून आनंद होत नाही म्हणजे माझ्यातच काहीतरी खोट आहे, असं त्यांना वाटत राहतं.

खोट त्यांच्यात नसते. हे मी आता ठामपणे सांगू शकते, कारण हे वाक्य मी फार वेळा, फार वेगवेगळ्या घरांमधून ऐकलं आहे. त्याचं उत्तर मला सर्वांत स्वच्छ दिसलं ते एका बाईंच्या निमित्ताने. त्यांच्या परवानगीने सांगते आहे. ओळखीच्या खुणा बदलल्या आहेत, आणि नाव मीनल ठेवू.

मीनल चाळिशीच्या, बँकेत अधिकारी. ठाण्यात घोडबंदर रोडवरच्या एका मोठ्या सोसायटीत घर. नवरा आयटीमध्ये, मुलगा आठवीत. घराचं सगळं काम नुकतंच नव्याने करून घेतलेलं. त्यांनी मला मोबाइलवर फोटो दाखवले. मोत्याच्या रंगाचा सोफा, भिंतीत लपवलेले दिवे, कुठे एक वस्तू जागेवरून हललेली नाही.

"सुंदर झालंय," मी म्हटलं. "कोण कोण येतं इथे?"

त्या थांबल्या. "तसं कुणी येत नाही. म्हणजे, आधी फोन करून या असं मी सगळ्यांना सांगितलंय. आवरलेलं नसतं ना."

"मुलाचे मित्र?"

"त्यांना मी खालीच खेळा म्हणते. सोफा लगेच खराब होतो."

"आणि दिवाळीत?"

"फराळाची ताटं जातात-येतात. दारातूनच."

त्यांच्या दिवाळीच्या तयारीची यादी मोबाइलमध्ये होती. पडदे, पंखे, माळे, चांदीची भांडी, फराळाची ऑर्डर, कोणाला काय भेट द्यायची, भाऊबिजेचा बेत. महिनाभर आधीपासून ती यादी चालायची आणि लक्ष्मीपूजनाच्या संध्याकाळी त्या मुलावर खेकसायच्या. मग रात्री रडायच्या.

"उत्साह गेला" असं कुणी म्हणालं की मी आधी झोपेची चौकशी करते. आपल्याकडे सणाचा उत्साह हा बऱ्याचदा घरातल्या एकाच बाईच्या पाठीवर उभा असतो, आणि ती दमली की सगळं घर म्हणतं, सणाची मजाच गेली. म्हणून एकदा नवऱ्यालाही बोलावलं. ते मनापासून म्हणाले, "मी मदत करतोच की, मॅडम. तिने फक्त सांगायचं." मी म्हटलं, "काय करायचं, कधी करायचं, राहिलं का, हे सगळं डोक्यात वागवणं हेच तर सर्वांत दमवणारं काम आहे. ते तुम्ही घ्या." त्यांनी साफसफाई आणि बाजार दोन्ही पूर्ण स्वतःकडे घेतलं, यादीसकट. मला त्यांचं कौतुक वाटतं. सगळे ऐकत नाहीत.

पण पुढच्या भेटीत मीनल म्हणाल्या, "आता दमलेली नाहीये. तरी काही वाटत नाहीये. घर शांत आहे नुसतं." म्हणजे दमणूक हा प्रश्नाचा एक भाग होता. उरलेला भाग अजून हाती यायचा होता.

तेव्हा मी त्यांना लहानपणची एखादी लक्षात राहिलेली दिवाळी आठवायला सांगितली आणि विचारलं, "त्या दिवशी तुमचे हात काय करत होते?"

हा प्रश्न मी मुद्दाम असाच विचारते. काय वाटत होतं असं विचारलं की माणूस छापील उत्तर देतो, खूप मजा यायची वगैरे. हातांबद्दल विचारलं की आठवण खरी उघडते. हा माझ्या कामातून मला सापडलेला प्रश्न आहे आणि त्याने मला क्वचितच निराश केलं आहे.

मीनल जराशा गोंधळल्या. मग म्हणाल्या, "सोऱ्या घासत होते."

गिरगावातली चाळ, दोन खोल्या, पुढे सामाईक गॅलरी. यांच्या घरी सोऱ्या नव्हता. मजल्यावर एकच चांगला होता, पितळी, टोकाच्या खोलीतल्या काकूंचा. कुणाच्या चकल्या कुठल्या दिवशी, हे त्या सोऱ्यावरून ठरायचं. आपली पाळी झाली की तो घासूनपुसून पुढच्या घरी नेऊन द्यायचं काम छोट्या मीनलकडे असायचं. "आणि नेऊन दिला की लगेच सुटका नाही," त्या सांगत होत्या, "त्या घरी बसवून घ्यायचे. पाड दोन-चार चकल्या म्हणायचे. माझ्या चकल्या वाकड्यातिकड्या यायच्या, त्या मलाच खायला द्यायचे. एका वर्षी आमच्या सगळ्या कडक झाल्या. आई रडकुंडीला आली. तर काकू पदर खोचून आत शिरल्या, उरलेलं पीठ चाखलं, मोहन कमी पडलंय म्हणाल्या, पुन्हा तेल कडकडीत करून घातलं. रात्री अकरापर्यंत आमच्या स्वयंपाकघरात चार घरच्या बायका होत्या. बसायला जागा नव्हती. बाबा गॅलरीत पेपर वाचत बसले होते."

त्या हसत होत्या. माझ्यासमोर पहिल्यांदाच हसत होत्या. मग एकदम गप्प झाल्या.

"आता माझ्याकडे स्वतःचा सोऱ्या आहे, मॅडम. स्टीलचा. अजून खोक्यातून काढलेला नाही."

मी काही बोलले नाही. अशा वेळी समुपदेशकाने बोलू नये. समोरचं माणूस आपल्याच वाक्याजवळ उभं असतं, त्याला तिथे उभं राहू द्यावं. थोड्या वेळाने त्याच म्हणाल्या, "तेव्हा कुणाचंच काही पूर्ण नसायचं. म्हणून सगळे यायचे."

गेलेली दिवाळी शोधताना आपण वस्तू शोधतो. तसाच कंदील, तसंच उटणं, तीच भाजणी. त्या वस्तू आजही मिळतात, पूर्वीपेक्षा चांगल्या मिळतात. हरवली आहे ती एकमेकांवाचून अडण्याची सवय. मीनलच्या आठवणीतल्या दिवाळीत नीट पार पडलेलं असं काहीच नव्हतं. पीठ फसलं होतं, भांडं उसनं होतं, बसायला जागा नव्हती. आणि तीच दिवाळी त्यांनी तीस वर्षं जपून ठेवली होती. उलट आताच्या घरात पाहुणा येतो तेव्हा सगळं संपलेलं असतं. फराळ वाटीत काढलेला, उशा फुगवलेल्या, दिवे लागलेले. त्याला करायला काही उरत नाही. तो घर बघतो, छान आहे म्हणतो, सरबत पितो, जातो. तयार घरात पाहुणा प्रेक्षक होतो, आणि प्रेक्षक आले की यजमानाची परीक्षा सुरू होते. मग आनंद व्हायचा कुठून?

चाळीचं मी गुणगान करत नाही. तिथे भांडणं होती, खासगीपणा नव्हता, नळावरची कटकट होती, आणि सुनांवर दहा घरांचे डोळे असत. मीनलने तिकडे परत जावं असं त्यांनाही वाटत नव्हतं. तिथली एकच गोष्ट उचलून आणायची होती.

मी ज्या विचारांवर काम करते त्यांचं थोडं सांगते. मानसशास्त्रज्ञ अल्बर्ट एलिस यांनी १९५५ च्या सुमारास आपली उपचारपद्धती मांडली. त्यांचं म्हणणं असं की इच्छा माणसाला त्रास देत नाही, इच्छेचा हट्ट झाला की त्रास सुरू होतो. घर छान दिसावं, ही इच्छा. दिसलंच पाहिजे, नाहीतर मी कमी पडले, हा हट्ट. आणि १९७० च्या दशकात मानसशास्त्रज्ञ पीटर लेविन्सन यांनी दाखवलं की मन खचलं की माणूस आवडत्या गोष्टी करणं कमी करतो, त्या कमी झाल्या की मन आणखी खचतं. हे चक्र तोडायची सोपी जागा म्हणजे कृती. उत्साह आला की लोकांना बोलवू, असं म्हणत बसलं तर तो येत नाही. माणसं आली, हात चालू झाले, की तो मागाहून येतो.

तर मीनलना मी काम दिलं. वसुबारसेच्या आधीच्या रविवारी शेजारच्यांना बोलवायचं, चकल्या खायला नाही, करायला.

"पण घर आवरावं लागेल."

"आवरायचं नाही. जमिनीवर वर्तमानपत्रं पसरायची, सोफ्यावर जुनी चादर घालायची."

"मी या म्हटलं तर त्या, हो येऊ कधीतरी, असंच म्हणतील."

"कारण तुम्ही नुसतं या म्हणाल. तुम्ही मदत मागा. सांगा, मला भाजणीच्या उकडीचा अंदाज येत नाही, रविवारी चारला हाताखाली याल का?"

त्यांना हे फार जड गेलं. मदत मागणं म्हणजे कमीपणा, असं त्यांच्या मनात पक्कं बसलं होतं. मोठ्या पदावर काम करणाऱ्या बायकांमध्ये हे मी नेहमी बघते. आम्ही इथेच, माझ्या खोलीत, ते वाक्य चार-पाचदा म्हणून पाहिलं. शेवटी त्या म्हणाल्या, "बघते."

दिवाळी झाल्यावर आल्या तेव्हा सांगण्यासारखं खूप होतं. समोरची गुजराती शेजारीण चकली कधी केलेली नाही म्हणत आली आणि येताना मठियाचं पीठ घेऊन आली, कारण मठिया लाटायला तिलाही माणसं हवी होती. वरच्या मजल्यावरचे एकटे राहणारे निवृत्त काका बायकांच्या घोळक्यात अवघडून उभे होते. त्यांना मुलाने कंदिलाच्या कामट्या बांधायला बसवलं. खळ, पतंगी कागद, दोरा. मुलाचे दोन मित्रही त्यात घुसले. पहिला अर्धा तास अवघड गेला, हेही मीनलनी प्रामाणिकपणे सांगितलं. कुणी काय बोलावं कळत नव्हतं. पहिला घाणा तेलात गेला आणि चकल्यांचे तुकडे झाले, तेव्हा सगळे एकदम सल्ले द्यायला लागले, आणि तिथून घर बोलायला लागलं.

"सोफ्यावर हळदीचा डाग पडलाय," त्या म्हणाल्या. "चादर सरकली होती."

"मग?"

"काढला नाही अजून. वेळच झाला नाही. भाऊबिजेनंतर काका रोज संध्याकाळी येतात, मुलाला बुद्धिबळ शिकवायला."

ज्यांना घर अधिक आपुलकीचं व्हावं असं वाटतं, त्यांना म्हणून मी नवे पडदे सुचवत नाही. खुर्च्या टीव्हीकडे वळलेल्या असतील तर एकमेकींकडे वळवा. दाराबाहेरचा दिवा संध्याकाळी लावा, आपण घरात आहोत हे कळू द्या. टीपॉयवर दोन दिवाळी अंक ठेवा. काशिनाथ रघुनाथ मित्र यांनी १९०९ मध्ये 'मनोरंजन' मासिकाचा दिवाळी अंक काढला तेव्हापासून ही आपली हक्काची चैन आहे, आणि वाचून झाला की परत द्या असं म्हणून दिलेला अंक त्या माणसाला पुन्हा तुमच्या दारात आणतो. लहान मुलं असतील तर किल्ला सोसायटीतल्या कोपऱ्यात करू द्या, आणि हात-पाय मातीने भरलेली मुलं पाणी प्यायला तुमच्याच घरात येऊ द्या. तयार फराळ आणणाऱ्यांनी मनाला लावून घेऊ नये. सगळा विकत आणा, एखादाच पदार्थ घरी करायला ठेवा आणि तो एकटीने करू नका. मुलं परदेशात असलेली कितीतरी जोडपी मी बघते. अमेरिकेला फराळाचं पार्सल गेलं की त्यांची दिवाळी संपते. त्यांच्याच इमारतीत भाड्याने राहणारी, सुट्टी न मिळालेली मुलंमुली असतात. पार्सल भरायलाच त्यांना बोलवा.

हे सगळं सरसकट सर्वांना लागू नाही. ज्या घरात वर्षभरात कुणी गेलं आहे त्यांनी उत्साह ओढूनताणून आणू नये. आपल्याकडे अशा घरी सण करत नाहीत, नातेवाईक आणि शेजारी फराळ घेऊन येतात आणि बसतात. ही रीत मला फार शहाणपणाची वाटते. आणि सणच काय, कशातच गोडी वाटत नाही, झोप आणि भूक बिघडली आहे, हे दोन आठवड्यांच्या वर चाललं असेल, तर तो सणाचा प्रश्न राहत नाही. मानसोपचारतज्ज्ञांना भेटा. ऑक्टोबर २०२२ पासून सरकारची टेली-मानस ही मोफत सेवाही आहे, १४४१६ या क्रमांकावर मराठीतही बोलता येतं. जीव नकोसा वाटत असेल तर लगेच, आजच फोन करा.

दिवाळीचे दिवस तसेच निघून गेले असतील तरी हरकत नाही. कार्तिक शुद्ध द्वादशीपासून पौर्णिमेपर्यंत तुळशीचं लग्न लावता येतं. खर्च म्हणाल तर एक ऊस, थोडे आवळे आणि चिंचा, चुरमुरे. मंगलाष्टका कुणीतरी म्हणायला लागतात आणि अंतरपाट धरायला दोघं लागतात. घरात माणसं कमी असतील तर फारच चांगलं, समोरचं दार वाजवा.