काट्याला फॉइल, तारेला मोकळं रान

प्रश्न : काका, नमस्कार. फलटण तालुक्यात आमचं दूध संकलन केंद्र आहे. भिंतीला भिंत लागून चुलतभावाची पिठाची गिरणी. आमच्याकडे सिंगल फेजच आहे, म्हणून त्याने ३ एचपीच्या थ्री फेज मोटरला दिवाळीत ड्राइव्ह (सिंगल फेजवर थ्री फेज मोटर चालवणारा डबा) बसवला. तेव्हापासून गिरणी सुरू झाली की आमच्या इलेक्ट्रॉनिक काट्याचे आकडे नाचतात. काटा रिकामा असताना कधी २०० ग्रॅम, कधी उणे १५०. सकाळी दूध घालायला आलेली माणसं माझ्याकडे चोरासारखी बघतात. व्हिडिओ बघून काट्याला स्वयंपाकघरातली फॉइल तीन पदरी गुंडाळली, फरक शून्य. आता पत्र्याची पेटी करून घेऊ का?

उत्तर : पेटीचे पैसे वाचवा. आणि फॉइलबद्दल ओशाळू नका, मी याच्याहून मोठा पराक्रम केलेला आहे. एका दवाखान्यात ईसीजीच्या कागदावर सरळ रेघेऐवजी कंगव्याचे दात उमटायचे. मी दोन दिवस खपून पलंगाभोवती कोंबड्यांच्या खुराड्याची जाळी उभी केली. पेशंट आत, मी बाहेर, दात होते तिथेच. शेवटी सिस्टरनी उजव्या पायाची काळी तार हलवली आणि रेघ सरळ झाली. तार रबराच्या आत तुटलेली होती. जाळी मी रात्री सगळे गेल्यावर काढून आणली.

आता तुमचा काटा. त्याच्या पोटात लोडसेल असतो. भार पडला की तो केसभर वाकतो आणि तेवढं व्होल्टेज देतो. नेहमीच्या लोडसेलचं माप म्हणजे दिलेल्या दर व्होल्टमागे २ मिलिव्होल्ट. त्याला ५ व्होल्ट मिळत असतील, तर १०० किलोचा काटा पूर्ण भरल्यावर हाती येतात १० मिलिव्होल्ट. म्हणजे १० ग्रॅम दुधाला १ मायक्रोव्होल्ट. तुमचे ते नाचरे २०० ग्रॅम म्हणजे फक्त २० मायक्रोव्होल्ट! आणि भिंतीपलीकडे ड्राइव्ह काय करतो? २३० व्होल्टचं डीसी करून घेतो, ते होतं सुमारे ३२५ व्होल्ट, आणि मोटरच्या तारेत ते सेकंदाला हजारो वेळा तोडतो-जोडतो. प्रत्येक तोडजोड मायक्रोसेकंदाच्याही अंशात उरकते. त्या झटक्याचा शिंतोडा शेजारच्या तारेवर उडाला की २० मायक्रोव्होल्ट म्हणजे काहीच नाही.

फॉइल का हरली? एक तर तोडजोडीचा वेग ४ किलोहर्ट्झ धरला, तर ॲल्युमिनियममध्ये चुंबकीय लहरीचा जोर एक-तृतीयांशाच्या आसपास उतरायला १.३ मिलिमीटर जाडी लागते. घरातली फॉइल असते एका मिलिमीटरच्या पन्नासाव्या ते शंभराव्या हिश्शाची. विजेच्या क्षेत्राला ती अडवते, अगदी निकामी नाही, पण खरं कारण दुसरंच. ‘दरवाजा मोकळा, मोरीला बोळा’ असं झालंय. काटा गुंडाळला, पण त्यातून बाहेर येणारी तार उघडीच. तार म्हणजे अँटेना. जे येतं ते तिच्यावर बसून फॉइलच्या आत जातं.

पत्रासोबत फोटो पाठवलात ते बरं केलंत. तिसऱ्या फोटोत मला दोन गोष्टी दिसल्या. डिस्प्ले सगळ्यांना दिसावा म्हणून भिंतीवर उंच लावलाय आणि लोडसेलची तार साध्या चारपदरी वायरने वाढवलीय. जोडाला काळी टेप. तिथे मूळ तारेतली शील्ड, म्हणजे आतल्या पदरांभोवतीची धातूची जाळी, कापून तशीच सोडलेली असणार, मी पैजेवर सांगतो. दुसरं म्हणजे ही वाढीव तार ज्या केसिंग-पट्टीतून वर गेली आहे, तीतूनच तुमच्या भावाची मोटरची वायरही गेली आहे. वायरमनने एक पट्टी वाचवली.

आधी खात्री करून घ्या, खर्च नाही. काट्याची मेन्सची पिन उपसा आणि तो आतल्या बॅटरीवर चालवा, गिरणी सुरू ठेवा. आकडे नाचायचे थांबले तर उपद्रव मेन्समधून येतोय. नाचत राहिले तर लोडसेलच्या तारेतून. मग घरातला सेलवरचा जुना रेडिओ घ्या, मीडियम वेव्हवर जिथे स्टेशन नाही अशा जागी रेडिओची सुई आणा आणि आवाज मोठा करून रेडिओ पट्टीजवळून फिरवा. जिथे घरघर कडक होते, तिथे चोर. माझ्या दुकानात महागडी यंत्रं होती तरी पहिली फेरी मी रेडिओनेच मारायचो.

एक सांभाळा. काट्याला वैधमापन खात्याचं सील असतं. ते तोडायचं नाही, झाकण उघडायचं नाही. तारेचा जोड परवाना असलेल्या दुरुस्तीवाल्याकडूनच काढून घ्या आणि त्याने सील हलवलं तर काटा पुन्हा पडताळून, शिक्का मारून घ्या. माणसं आधीच बघतायत, त्यात तुटलेलं सील नको. त्याला सांगा, पूर्ण लांबीची एकच शील्डवाली तार टाक, मध्ये जोड नको आणि शील्ड डिस्प्लेच्या बाजूलाच जोड.

बाकीचं सगळं भिंतीपलीकडचं काम आहे, त्याला सील नाही. मोटरची वायर त्या पट्टीतून काढा आणि काट्याच्या तारेपासून निदान एक फूट लांबून न्या. ओलांडावीच लागली तर काटकोनात ओलांडा. मोटरसाठी शील्डवाली केबल घ्या. हिची शील्ड मात्र दोन्ही टोकांना अर्थ करायची, म्हणजे अर्थिंगला जोडायची, ड्राइव्हकडेही आणि मोटरकडेही. काट्याला एक टोक, मोटरला दोन, यात माझी चूक झालेली नाही. काट्याच्या तारेत संथ, बारीक सिग्नल असतो, तिथे दोन्ही टोकं अर्थ केली तर दोन अर्थमधला फरक शील्डमधूनच वाहू लागतो. मोटरच्या केबलमध्ये उलट. तिथले झटके परत ड्राइव्हकडे यायला जवळची वाट हवी, नाहीतर ते तुमच्या भिंतीतून वाट काढतात.

आणि शील्ड जोडताना वायरमन हमखास एक गोष्ट करतो. जाळी पिळून तिची शेपटी करतो आणि स्क्रूखाली दाबतो. दिसायला छान. पण १० सेंटीमीटरची शेपटी १० मेगाहर्ट्झला सुमारे ६ ओहमचा अडथळा होते, म्हणजे इतकी महाग केबल घेऊन तिच्या टोकाला बूच. जाळी चहूबाजूंनी धरणारी धातूची क्लॅम्प किंवा ग्लँड लावा, आणि त्याखालचा पेंट खरवडून चकचकीत पत्रा दिसू द्या. रंगावर क्लॅम्प म्हणजे छत्रीवर दागिने.

तरी थोडं उरलं तर ड्राइव्हजवळ फेराइटची (झटके शोषणाऱ्या चुंबकीय पदार्थाची) मोठी रिंग घालून मोटरच्या तिन्ही फेज तारा एकत्र तिच्यातून न्या, अर्थची तार बाहेर ठेवा. ड्राइव्हच्या सेटिंगमध्ये कॅरियर फ्रिक्वेन्सी, म्हणजे तोडजोडीचा वेग, असते, ती खाली आणली की झटके कमी होतात, पण मोटर जास्त किंचाळते. भावाला आधी विचारा. मेन्समधूनच येत असेल तर ड्राइव्हच्या इनपुटला फिल्टर, आणि त्याची अर्थची तार जेमतेम बोटभर.

प्रश्न : मोबाइलचं रेडिएशन अडवणारा स्टिकर फोनच्या मागे चिकटवल्याने उपयोग होतो का? (एक वाचिका, ठाणे)

उत्तर : नाही. टिकलीएवढा स्टिकर फोनभर पसरलेली लहर अडवू शकत नाही. आणि खरंच अडवत असता, तर टॉवरपर्यंत पोचण्यासाठी फोनने उलट जोर वाढवला असता. २०० रुपयांत चांगलं कव्हर येतं.

प्रश्न : आजोबा, पुस्तकात लिहिलंय की धातूच्या बंद डब्यात लहरी शिरत नाहीत. मी बाबांचा फोन स्टीलच्या डब्यात ठेवून झाकण लावलं, तरी रिंग वाजली. मग फॅरेडे चुकला का? (इयत्ता नववी, नारायणगाव)

उत्तर : फॅरेडे या शास्त्रज्ञाने १८३६ मध्ये १२ फूट लांबी, रुंदी आणि उंचीची, धातूने मढवलेली खोली बांधली, बाहेरून तिला विजेचा भार दिला, ठिणग्या उडवल्या आणि स्वतः आत जाऊन उपकरणं बघितली. आत काही नाही! तो बरोबरच होता, तुझा डबा कच्चा आहे.

झाकण आणि काठ यांच्यात बारीक फट असते. लहरीला फटीची रुंदी अडवत नाही, तिची लांबी महत्त्वाची. ९०० मेगाहर्ट्झची लहर साधारण ३३ सेंटीमीटर लांब, १८०० ची त्याच्या निम्मी. झाकण घट्ट न बसलेल्या काठाभोवतीची फट त्या मापाच्या आसपास सहज जाते, आणि मग ती फटच अँटेना होते. उलट मायक्रोवेव्हच्या दारातली भोकं मिलिमीटरभरच, म्हणून १२ सेंटीमीटरची लहर आतच राहते.

आणि तुझ्या गावाजवळच खोडदला जीएमआरटी ही आकाशातल्या रेडिओ लहरी टिपणारी दुर्बीण आहे, ४५ मीटर व्यासाच्या ३० तबकड्यांची. तिथे संगणकांच्या खोल्यांना धातूचं आवरण असतं ते बाहेरच्या लहरी आत येऊ नयेत म्हणून नव्हे, तर संगणकांचा गोंगाट बाहेर जाऊन आकाशातली बारीक कुजबुज बुडवू नये म्हणून. भिंत तीच, पहारा उलट बाजूला.

आता असं कर. फोन फॉइलमध्ये गुंडाळ, कडा दोनदा दुमडून दाबून घे, कुठे फट ठेवू नकोस, आणि आईच्या फोनवरून रिंग दे. मग फॉइलच्या एका कडेला बोटभर फट करून पुन्हा. किती लांबीला रिंग वाजायला लागली ते पट्टीने मोजून मला लिही. फोन बाबांचा आहे, विचारून घे.